रक्त काढलं केव्हा?

पक्षाघाताच्या रुग्णाची फाइल पाचव्या दिवसापर्यंत चांगली जाडजूड झालेली असते. एमआरआयची मोठी पिशवी वेगळी, क्लिपला अडकवलेले रक्ताचे रिपोर्ट वेगळे. त्यातले ठळक छापलेले आकडे नातेवाइकांच्या डोळ्यांत पहिले भरतात. समजा सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन) २८, होमोसिस्टीन (एक अमिनो आम्ल) ३१, लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा कण) ७४, आणि प्रत्येकापुढे 'हाय'. मग प्रश्न येतो, "म्हणजे यामुळेच मेंदूची नस बारीक झाली का?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधी विचारायचा एक प्रश्न असतो. त्याचं उत्तर त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक टायपात छापलेलं असतं आणि तिकडे सहसा कोणी बघत नाही: रक्त काढलं केव्हा?

आधी नस कुठली ते बघू. मानेतून वर येणाऱ्या कॅरॉटिड धमनीला कवटीच्या तळाशी फाटे फुटतात आणि त्यातला जाड फाटा कानाच्या दिशेने आडवा निघतो. ही मेंदूची मधली धमनी, वॉर्डात सगळे 'एमसीए' म्हणतात. हिचा पहिला तुकडा म्हणजे 'एम-वन'. आतला व्यास साधारण ३ मिलिमीटर, काडेपेटीतल्या काडीहून थोडा जास्त. या तुकड्यातून केसासारख्या वाहिन्या थेट मेंदूच्या गाभ्यात शिरतात. कवटीत आल्यावर धमनीची भिंतही बदलते. स्नायूचा थर पातळ होतो, बाहेरचं लवचीक अस्तर जवळपास नाहीसंच होतं. इथे चरबीचा थर बसला की तो तीन तऱ्हांनी त्रास देतो. त्याच्यावर गुठळी धरून तुकडा पुढे वाहत जातो, किंवा पलीकडे रक्ताचा दाबच पुरत नाही, किंवा थर पसरून त्या केसाएवढ्या वाहिन्यांची तोंडं बुजवतो. व्यास निम्मा झाला की रक्ताला जायची जागा चौथाई उरते, हे शाळेतलं वर्तुळाचं गणित इथे फार महाग पडतं.

गोऱ्या युरोपीय लोकांत असा थर जास्त करून मानेतल्या कॅरॉटिडमध्ये सापडतो. चीन, कोरिया, भारत इथे तो कवटीच्या आत जास्त. चीनमधल्या २२ रुग्णालयांतल्या २८६४ रुग्णांचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, त्यात पक्षाघाताच्या ४६.६ टक्के रुग्णांच्या मेंदूतल्या धमन्या अशा अरुंद निघाल्या. आपल्याकडे हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधल्या नोंदींचाही कल असाच आहे. म्हणजे हा आजार आपल्या घरचा आहे, आणि त्याचे बरेचसे नियम मात्र बाहेर लिहिले गेले आहेत.

आता ही अरुंदी मोजतात कशी, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. पद्धत 'वॉसिड' नावाच्या अमेरिकी चाचणीतून रूढ झाली. सर्वांत चिंचोळ्या जागी व्यास मोजायचा, त्याच धमनीच्या त्याआधीच्या निरोगी तुकड्याच्या व्यासाने भागायचा, आणि आलेलं उत्तर १ मधून वजा करायचं. निरोगी जागी ३ मिलिमीटर आणि चिंचोळ्या जागी १.२ असेल तर अरुंदी ६० टक्के. पन्नासच्या पुढे दखल घ्यायची, सत्तरच्या पुढे गंभीर. कागदावर सोपं आहे. पण एमआर अँजिओच्या, म्हणजे एमआरआय यंत्राने काढलेल्या रक्तवाहिन्यांच्या, चित्रातला एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे अख्खी निरोगी धमनी सहा ठिपक्यांची! तीन ठिपके उरले तर ५० टक्के, दोन उरले तर ६७, एक उरला तर ८३. संगणक मधले ठिपके अंदाजाने भरून चित्र गुळगुळीत करतो, म्हणून पडद्यावर ते फसवं नेटकं दिसतं. त्यात ही पद्धत वाहत्या रक्ताची चमक टिपते. चिंचोळ्या जागेपुढे प्रवाह भोवऱ्यासारखा झाला की चमक जाते आणि अरुंदी असते त्याहून जास्त वाटते. २००७ मध्ये 'सोनिया' या अभ्यासाने हे ताडून पाहिलं. एमआर अँजिओने 'अरुंद आहे' म्हटलं तर ते खरं निघण्याचं प्रमाण ५९ टक्के, कवटीवरून केलेल्या डॉपलरचं (ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणाऱ्या तपासणीचं) ३६ टक्के. 'अरुंद नाही' म्हटलं तर मात्र भरवसा बराच, अनुक्रमे ९१ आणि ८६ टक्के. रक्तातल्या खुणांची सांगड ज्या 'अरुंदी'शी घातली जाते ती अरुंदीच अशी डगमगती असते, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात असू द्या.

तरीही रक्ताकडे धाव का? कारण सरळ आहे. तालुक्याच्या गावात साधा सीटी होतो, अँजिओसाठी जिल्ह्याला जावं लागतं. सुई मात्र कुठेही टोचता येते. शिवाय चित्रात थर दिसतो, तो थर आज शांत आहे की धुमसतोय हे साध्या चित्रात दिसत नाही. ते रक्तात दिसेल ही आशा. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी २००३ मध्येच दाखवलं होतं की मेंदूतली धमनी अरुंद असलेल्या ज्या रुग्णांचं सीआरपी जास्त, त्यांना पुढचा झटका येण्याची शक्यता जास्त. त्यानंतर यादी वाढतच गेली: होमोसिस्टीन, लिपोप्रोटीन-ए, अपोबी आणि अपोए-वन (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरची प्रथिनं) यांचं गुणोत्तर, इंटरल्यूकिन-६ (सुजेचा निरोप देणारं प्रथिन), सिस्टॅटिन-सी (मूत्रपिंडाच्या कामाची खूण), युरिक ॲसिड. अलीकडे साध्या रिपोर्टांतून काढलेली गणितंही आली आहेत. सीबीसीमधल्या न्यूट्रोफिल्सना लिम्फोसाइट्सनी (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार) भागायचं, ७० ला २० ने भागून ३.५. किंवा ट्रायग्लिसराइड आणि उपाशीपोटीची साखर यांचा गुणाकार करून निम्मा करायचा आणि त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा. २२० आणि १४० असतील तर उत्तर ९.६४. स्वस्त आहेत म्हणून यांचं पीक जोरात आहे.

या सगळ्या खुणा एका कागदावर शेजारी शेजारी छापल्या जातात म्हणून त्या एकाच क्षणाबद्दल बोलतात असं वाटतं. तसं नाही, प्रत्येकीचं घड्याळ वेगळं आहे.

सर्वांत संथ घड्याळ लिपोप्रोटीन-एचं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी हा कण १९६३ मध्ये शोधला. त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून आलेल्या जनुकावर ठरतं, त्यामुळे जन्मभर ते फारसं हलत नाही. पथ्याने उतरत नाही, स्टॅटिनने (कोलेस्टेरॉलच्या गोळीने) उतरत नाही, कधी किंचित वाढतंच. म्हणून ते आयुष्यात एकदा मोजलं की पुरे. दर वर्षी पॅकेजमध्ये ते परत मोजून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गोंधळ होतो तो एककाचा. काही लॅब मिलिग्रॅममध्ये छापतात, काही नॅनोमोलमध्ये. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटर ही धोक्याची रेघ. पण या कणाचा आकार माणसागणिक लहानमोठा असतो, त्यामुळे एका एककाचं दुसऱ्यात सरळ रूपांतर करता येत नाही. फाइलमधलं ७४ हे मिलिग्रॅम असेल तर काळजीचं, नॅनोमोल असेल तर रेघेच्या बरंच खाली. एकक न बघता 'चौऱ्याहत्तर' म्हणणारा माणूस अर्धाच रिपोर्ट वाचतोय.

एचबीए-वन-सीचं, म्हणजे सरासरी साखर सांगणाऱ्या चाचणीचं, घड्याळ तीन महिन्यांचं, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. झटक्याच्या ताणाने साखर १८० वर गेली तरी हा आकडा त्या रात्रीत हलत नाही, हाच त्याचा मोठा उपयोग. पण अंगात लोह कमी असेल तर तो उगाच जास्त दिसतो आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर भरवशाचा राहत नाही. एलडीएलचं, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचं, घड्याळ दिवसांचं. मोठ्या आजारानंतर एक-दोन दिवसांत कोलेस्टेरॉल खाली घसरायला लागतं. हार्ट अटॅकमध्ये हे ठळक दिसतं, पक्षाघातातही थोडंफार होतं. म्हणून ते पहिल्या २४ तासांत मोजावं, नाहीतर काही आठवडे थांबावं. पाचव्या दिवशी, नाकातल्या नळीने दर दोन-तीन तासांनी खाणं चालू असलेल्या माणसाच्या रिपोर्टवर 'उपाशीपोटी' असा शिक्का बघितला की हसावं की रडावं कळत नाही. त्यात बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब कोलमडतो.

सीआरपीचं घड्याळ तासांचं आहे, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं, न्यूमोकॉकसच्या 'सी' शर्करेला चिकटतं म्हणून हे नाव. म्हणजे जन्मच न्यूमोनियाच्या खाटेवरचा. 'एचएस-सीआरपी' म्हणून वेगळा पदार्थ नसतो. प्रथिन तेच, फक्त बारीक पातळीपर्यंत मोजता येणारी चाचणी. लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली बरं, ३ च्या वर धमन्यांचा धोका जास्त, आणि १० च्या वर गेलं की धमन्यांचा विचार बाजूला ठेवून आधी जंतुसंसर्ग शोधायचा. पक्षाघातात तर मेलेला मेंदूचा भागच सूज पेटवतो. इंटरल्यूकिन-६ यकृताला निरोप देतं, यकृत सीआरपी ओतायला लागतं. सहा-आठ तासांत आकडा चढू लागतो आणि दोन दिवसांनी शिखर गाठतो. त्याच सुमारास गिळता न आल्याने लाळ फुप्फुसात उतरलेली असते, लघवीची नळी घातलेली असते, सलाइनच्या सुईची जागा लाल झालेली असते. यातल्या कशाचं २८ आहे? नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. मात्र या प्रथिनाचा अर्धायुकाल सुमारे १९ तासांचा आहे, आणि तो कामी येतो. कारण मिटलं असेल तर २८ चे १४, १४ चे ७, ७ चे ३.५ व्हायला ५७ तास पुरतात. तिसऱ्या दिवशी परत मोजून आकडा तिथेच असेल तर छातीचा एक्स-रे आणि लघवीची तपासणी. धमनीच्या थराबद्दल काही म्हणायचं असेल तर माणूस बरा होऊन घरी गेल्यावर, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यायची.

होमोसिस्टीनचं घड्याळ सगळ्यांत विचित्र, कारण ते रक्त शरीराबाहेर आल्यावरही चालू राहतं. सकाळी सात वाजता वॉर्डात रक्त काढलं. ट्यूब स्टँडमध्ये उभी आहे. बाकीच्या खाटा आटपेपर्यंत आठ. डबा घेऊन जाणारा मुलगा येईपर्यंत नऊ. दुचाकीवरून लॅबमध्ये पोचेपर्यंत दहा, आणि सेंट्रीफ्यूज (ट्यूब गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र) भरून फिरायला लागेपर्यंत अकरा. या चार तासांत ट्यूबमधल्या लाल पेशी जिवंत असतात आणि त्या होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला साधारण दहा टक्के. शरीरात १४ असलेला आकडा मशीनमध्ये २० च्या आसपास होऊन पोचतो. वरची मर्यादा १५. म्हणजे निरोगी माणूस वाटेत आजारी झाला! उपाय अवघड नाही. ट्यूब काढल्या काढल्या बर्फात ठेवायची आणि तासाभराच्या आत फिरवून पेशी वेगळ्या करायच्या. एकदा वेगळ्या केल्या की प्रवासाची फिकीर नाही. कलेक्शन सेंटरला विचारायचा प्रश्न एकच: "तुमच्याकडे सेंट्रीफ्यूज आहे का, की ट्यूब तशीच पुढे जाते?"

आणि बर्फात ठेवूनही आकडा ३१ आला तर? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या गावांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त निघालं, तेही झटकाबिटका न आलेल्या लोकांत. जिथे निम्म्याहून जास्त लोकांच्या कपाळी ही खूण आहे तिथे तिच्यावरून धमनी अरुंद असलेला माणूस निवडायचा कसा? त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि जोडीला ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्याचं बी-१२ आणखी उतरतं. मूत्रपिंड मंदावलं किंवा थायरॉइड कमी असलं तरी होमोसिस्टीन चढतं. म्हणून हा आकडा एकटा वाचायचाच नाही, शेजारी बी-१२, क्रिएटिनिन आणि टीएसएच ठेवूनच वाचायचा. बी-१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढावं, नसांसाठी आणि रक्तासाठी. झटका टळेल या भरवशावर नको. २००४ मध्ये ३६८० रुग्णांवर झालेल्या 'व्हिस्प' चाचणीत जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेने होमोसिस्टीन उतरलं, पण पुन्हा येणारे झटके उतरले नाहीत. चीनमध्ये २०१५ साली आलेल्या चाचणीत रक्तदाबाच्या गोळीसोबत फॉलिक ॲसिड दिल्याने पहिले झटके कमी झाले, हेही खरं. तिथे पिठात फॉलिक ॲसिड मिसळण्याची पद्धत नव्हती आणि रुग्णांना आधी झटका आलेला नव्हता. माणसं वेगळी, उत्तर वेगळं.

अभ्यासांतल्या चुकाही बऱ्याचदा ट्यूबच्याच असतात. एमएमपी-९ हे धमनीचा थर कुरतडणारं विकर. ते लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये मोजलं तर रक्त गोठताना पांढऱ्या पेशी आपल्याकडचा साठा सोडून देतात आणि आकडा फुगतो. डी-डायमर (गुठळी विरघळताना निघणारा तुकडा) मोजायच्या फिकट निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ०.३ मिलिलिटर सायट्रेट (रक्त गोठू न देणारा द्राव) आधीच असतं आणि वर २.७ मिलिलिटर रक्त हवं असतं. नस सापडेना म्हणून दीड मिलिलिटरवर भागवलं की रक्त पातळ झालं आणि आकडा खोटा उतरला. डी-डायमर मुळात उलट दिशेची खूण आहे. ते खूपच जास्त असेल तर अरुंद धमनीपेक्षा हृदयातली गुठळी किंवा कुठेतरी लपलेला कॅन्सर यांचा संशय आधी घ्यायचा. एनटी-प्रोबीएनपीचंही तसंच, ते बोट दाखवतं हृदयाकडे. माझ्या मते या उलट दिशेच्या खुणांचा रोजच्या कामात उपयोग जास्त होतो आणि चर्चा कमी.

मग एखादी खूण 'अरुंदीशी निगडित' असल्याची बातमी वाचली की काय करावं? थोडं गणित करावं. समजा एका चाचणीने अरुंद धमनीवाल्या शंभरांतले ७५ पकडले आणि बाकीच्या शंभरांतल्या ७० जणांना बरोबर सोडून दिलं. ऐकायला छान. ज्या रुग्णालयात हजारांतल्या ५०० रुग्णांच्या धमन्या अरुंद आहेत तिथे ती ३७५ खरे पकडेल आणि १५० खोटे, म्हणजे 'हाय' आलेल्या दहांतले सात खरे. हीच चाचणी घेऊन अशा ठिकाणी गेलो जिथे हजारांत १०० अरुंद आहेत, तर ७५ खरे आणि २७० खोटे. 'हाय' आलेल्या साडेचारांत एक खरा. चाचणी तीच, ट्यूब तीच. शिवाय तुलना कोणाशी केली तेही बघावं. पक्षाघाताच्या वृद्ध रुग्णांची तुलना तपासणीला आलेल्या धडधाकट तरुणांशी केली तर वय, रक्तदाब आणि मधुमेह हेच बोलतात, नवी खूण नुसते ओठ हलवते.

सूज हेच कारण असेल तर सूज उतरवून बघू, हा पुढचा तर्क. तोही करून झाला. २०२४ मध्ये चीनमधल्या 'चान्स-३' चाचणीत एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेल्या ८३४३ रुग्णांना निवडून निम्म्यांना कोल्चिसिन हे सूज उतरवणारं औषध दिलं. ९० दिवसांत नवे झटके ६.३ टक्के विरुद्ध ६.५ टक्के. थोडक्यात, फरक नाही. उलट 'सॅम्प्रिस' या २०११ च्या चाचणीत कसलीही नवी खूण नव्हती. ७० ते ९९ टक्के अरुंदी असलेले ४५१ रुग्ण, सगळ्यांना ॲस्पिरिन, ९० दिवस क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी), एलडीएल ७० च्या खाली आणि वरचा रक्तदाब १४० च्या खाली आणायचा. निम्म्यांना शिवाय स्टेंट. महिनाभरात झटका किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ५.८. आणि नंतर त्याच रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा नियमित चालणं-फिरणं ठेवणाऱ्यांना पुढचे त्रास कमी झालेले दिसले. त्यासाठी कुठल्याच रंगाच्या झाकणाची ट्यूब निघालेली नाही.

रक्ताचा उपयोग नाही असं यातून कोणी काढू नये. एलडीएल आणि एचबीए-वन-सी यांच्यावर तर औषधाची मात्रा ठरते. झटक्यानंतर महिना-दीड महिन्याने एलडीएल परत मोजून ७० च्या खाली गेलं की नाही हे बघणं हे या सगळ्या पसाऱ्यातलं सर्वांत किफायतशीर काम, आणि नेमकं तेच राहून जातं, कारण तोवर हात हलायला लागलेला असतो आणि फाइल माळ्यावर गेलेली असते. लिपोप्रोटीन-ए जास्त निघालं तर त्याचा उपयोग रुग्णापेक्षा त्याच्या मुलांना जास्त. त्यांनी तिशीतच एकदा तपासून घ्यावं.

फाइल सांभाळणाऱ्याने एक करावं. प्रत्येक रिपोर्टच्या माथ्यावर पेनाने तीन गोष्टी लिहाव्यात: झटक्यानंतर कितवा तास, त्या दिवशी ताप किंवा अँटिबायोटिक होतं का, आणि स्टॅटिन कधी सुरू झालं. लॅबच्या कागदावर वेळा दोन असतात, एक नमुना घेतल्याची आणि एक नमुना मिळाल्याची. दोन्ही छापलेल्या असतील तर त्यांच्यातलं अंतर मोजा. दोन्ही अगदी मिनिटाला मिनिट सारख्या असतील, तर रक्त काढण्याची वेळ कोणी लिहिलेलीच नाही, ट्यूब खिडकीत आल्यावर संगणकाने दोन्हीकडे तीच टाकली आहे.